पहिला वास बाबांचा

३ मार्च, मंगळवार

बोलले मी. एकदाचं बोलले!

या हंगामाचा पहिला हंडा आज उतरला. पहाटे फुलं आली, हंड्यात भरली, पाणी ओतलं, झाकणाच्या कडेला चिकणमाती थापली, खाली लाकूड सरकवलं. सगळं दरवर्षीसारखं. दुपारपर्यंत नळीतून थेंब पडत राहिले आणि बाटलीत गुलाबपाण्यावर तेलाची साय धरली. मग आमच्या घरची पद्धत. पहिला वास बाबांचा. ते डोळे मिटून बाटली नाकाखाली धरतात, आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे उभे. ते म्हणतात, चांगला. मग बाटली धाकट्याकडे. भाऊ माझा. तोही म्हणतो, चांगला. मग भावजय, मग मी. आम्हाला कोणी विचारत नाही. आम्ही मान हलवायची असते.

आज मी वास घेतला आणि म्हटलं, "जळलंय."

"काय?" बाबा म्हणाले.

"जळलंय म्हटलं. तळाला फुलं लागलीत. करपलेल्या फडक्यासारखा वास येतोय. गेल्या हंगामातही येत होता."

धाकटा आपल्या चपलांकडे बघायला लागला, जशा काही आजच आणल्यात. भावजयीने दंडाला चिमटा काढला. आत्ता बघितलं, काळंनिळं झालंय.

बाबा हळू बोलले. ते हळू बोलले की समजून जायचं. "या भट्टीवर पहिला वास माझ्या आजोबांचा होता, मग बापाचा, आता माझा. तुला इथे हंडे घासायला ठेवलंय. हुंगायला नाही. उद्यापासून भट्टीत पाऊल टाकायचं नाही."

नाही टाकत! नवरा गेल्यावर या घरी परत आले तेव्हापासून ते तांबं मीच घासते. हाताची सालं निघतात. आता घासा म्हणावं आपले आपण.

या वहीत लिहिते कारण घरात बोलायची सोय राहिली नाही. अक्षर चौथीतलंच आहे. असू दे. कोणाला दाखवायचंय!

४ मार्च

कोणी बोलत नाही. बरंच आहे. कानाला विश्रांती.

७ मार्च, शनिवार

पुलापलीकडच्या कारखान्यात जाऊन आले. आमच्या गल्लीत त्याला जंतूंचा कारखाना म्हणतात. तिथे म्हणे फूल न तोडता गुलाबाचा वास बनवतात. बाबा त्या रस्त्याने जातसुद्धा नाहीत, लांबून वळसा घालतात.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाकडे?"

म्हटलं, "कामाकडे."

आतून काडीसारखी एक पोरगी आली. अंगात पांढरा डगला, केस टोपीत कोंबलेले. मला वाटलं चहापाण्याला असेल. तीच तिथली मुख्य निघाली!

"काय येतं तुम्हाला?"

"घासायला."

"आणखी?"

"आणखी काय हवंय? तुमच्या टाक्यांचा वास फाटकापर्यंत येतोय. ओल्या मोज्यांचा."

ती हसली. म्हणाली, तो वास टाकी धुतली नाही म्हणून नाही, तो कामाचाच आहे. सोमवारपासून या.

घरी आल्यावर लपवलं नाही. जेवताना सांगितलं, सगळे बसलेले असताना, मुद्दाम. बाबांचा हात ताटातच थांबला.

"आपलं गिऱ्हाईक पळवायला ज्यांनी दुकान मांडलंय, त्यांच्याकडे?"

"हो."

"पोटातल्या घाणीतले जंतू पाळतात ते! त्या जंतूंकडून गुलाब काढून घेतात! शी!"

"आणि आपला गुलाब कशातून येतो? शेणखतातून."

धाकट्याला ठसका लागला. भावजय पाणी आणायला उठली. पाणी कसलं, हसायला उठली, पाठ हलत होती तिची. बाबांनी ताटातलं सगळं संपवलं. भाजी आज चांगलीच करपली होती, आम्ही तिघांनी बाजूला सारली. एरवी त्यांनी ताट भिरकावलं असतं. रागाच्या भरात कळलंही नसेल काय खातोय ते.

९ मार्च, सोमवार

पहिला दिवस. पाय मोडले.

आत जायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. साबण बिनवासाचा. डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही. डगला त्यांचा, टोपी त्यांची, बूट त्यांचे. आरशात बघितलं तर पिठाची गोणी!

टाकी म्हणजे स्टीलचा उभा रांजण, दुमजली. आत साखरपाण्यातल्या जंतूंचं पातळ सूप ढवळलं जातं आणि खालून हवा सोडतात. बाहेरून हात लावला तर अंगाइतकी कोमट लागते, ताप नसलेल्या माणसाच्या. तिच्याशेजारी जो दिवसभर असतो त्याला सगळे टाकीवाला म्हणतात. तो तिच्याशी बोलतो. "काय बाई, आज फेस फार?" असं. मी म्हटलं, बायकोशी बोलतोस का इतकं? म्हणाला, "ती उत्तर देते ना."

काडी मॅडमने दुपारी समजावलं. हा जंतू म्हणे आपल्या पोटात राहतो त्याचा चुलतभाऊ आहे, गरीब, कोणाला आजारी न पाडणारा. त्याच्या आत बारीक सूचना असतात, काय खायचं, काय बनवायचं. त्यात यांनी दोन-चार सूचना बाहेरून घातल्यात. गुलाबाचं झाड जे करतं त्यातलं एक काम त्याला शिकवलं. साखर खा आणि वास बनव.

"आणि तो ऐकतो?"

"उपाशी ठेवला तर नाही ऐकत. फार खाऊ घातलं तरी नाही."

म्हटलं, म्हणजे आमच्या धाकट्यासारखाच.

१२ मार्च, गुरुवार

आज आला!

सोमवारी टाकी नुसती मोज्यांची होती. मंगळवारी शिळ्या पावाची. आज सकाळी वरच्या नळीतून हवा बाहेर पडते तिथे झाडू मारत होते आणि एकदम गुलाब. मी झाडू धरून उभीच राहिले. राग आला मला. खरंच राग आला. फूल नाही, पहाट नाही, बोटाला काटा नाही, आणि हा आपला येतोय फुकटचा!

मग नीट हुंगलं. गुलाब आहे, पण गुलाबातला एकच जण आहे. घरात दहा माणसं बोलत असावीत आणि भिंतीआडून एकाचाच आवाज यावा, तसा. मी मॅडमला म्हटलं. तिला ते आधीच ठाऊक होतं. म्हणाली, "फुलात शेकडो गोष्टी असतात. आम्ही एक बनवतो, मुख्यातली. साबणाला, सरबताला तेवढी पुरते. आणि तेवढ्यासाठी शेतभर फुलं तोडावी लागत नाहीत."

टाकीवाला मध्येच, "आता तुमच्या बाबांची भट्टी बंद, काय?"

"तुझ्या टाकीला एक सूर येतो, बाबांच्या हंड्याला सगळं गाणं येतं. गप्प बस."

बोलून गेले. आणि मग आठवलं की ते गाणं आता जळकं आहे.

टाकीवाल्याने आणखी एक सांगितलं. तो वास जास्त झाला तर जंतू त्यानेच मरतात, स्वतःच बनवलेल्या वासाने! म्हणून वर बिनवासाच्या तेलाचा थर ठेवतात, वास त्यात उतरतो आणि खालचे जगतात. बिचारे. त्यांच्यावर तेल ओतायला कोणीतरी आहे तरी.

१३ मार्च

भावजय म्हणते, "वन्सं, तुमच्या अंगाला वास येतो."

"कसला?"

"गुलाबाचा. चांगला येतो हो!" आणि मग दबक्या आवाजात, "बाबांसमोर जाऊ नका."

मुद्दाम गेले. शेजारीच बसले, पदर झटकला. त्यांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. एवढा ताठा! मलाच नाही, माझ्या वासालाही ओळख द्यायची नाही म्हणे.

१६ मार्च, सोमवार

घाण झाली आज. मीच केली.

टाकीतून नमुना काढायची तोटी असते. टाकीवाला तिला आधी वाफ देतो, मग नमुना काढतो, मग परत वाफ. परवा वाफ देऊन झाली आणि तोटीच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. मी ओल्या फडक्याने पुसला. हात आपोआप गेला. आमच्या भट्टीत नळीचं तोंड ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय बाटली लावत नाहीत, लहानपणापासून तेच केलंय. इथे त्या फडक्यातून भलताच जंतू तोटीत शिरला, तिथून टाकीत. यांचा जंतू गरीब, बाहेरचा गुंड. साखर सगळी त्याने खाल्ली.

आज टाकीला व्हिनेगरसारखा आंबट भपका. मॅडमने सगळ्यांना बोलावलं. पण स्वतः एक शब्द बोलली नाही! प्रत्येकाच्या हातात नमुन्याची बाटली दिली, अगदी पहारेकऱ्यालाही, आणि म्हणाली, आपापलं कागदावर लिहा, एकमेकांचं बघू नका. मग तिने वाचलं. सगळ्यांनी आंबट लिहिलं होतं.

मी म्हटलं, "तोटी मी पुसली. फडक्याने."

आरडाओरडा नाही. तोंड पडलं तिचं, टाकीवाला तर टाकीवर हात ठेवून उभा, घरातलं कोणी गेल्यासारखा. सगळं वाफेने मारून मग ओतायचं, एकही जिवंत बाहेर सोडायचा नाही. टाकी मी घासली. आत उतरून. एकटीने. कोणाला हात लावू दिला नाही.

निघताना मॅडमला विचारलं, "मला काढणार का?"

"पुन्हा पुसाल का?"

"मरेपर्यंत नाही."

"मग कशाला काढू?"

१८ मार्च, बुधवार

साबणवाला येऊन गेला. बाबांचं जुनं गिऱ्हाईक, मोठं. तो आहे म्हणून भट्टी आहे.

मी अर्धा दिवस काम करून घरी आले तर ओसरीवर तो, बाबा, धाकटा. बाबांनी वास घेतला, चांगला म्हणाले, बाटली त्याच्याकडे दिली. त्याने घेतला. काही बोलला नाही. चहा संपवला, बाबांच्या पाया पडला, बघू म्हणाला आणि गेला. बाबा खूश! "बोलायलाच शब्द नाहीत त्याच्याकडे," म्हणाले.

धाकट्याला त्याने कोपऱ्यावर गाठून खरं सांगितलं. फुलं संपायच्या आत एक हंडा पूर्वीसारखा उतरला तर घेईन, नाहीतर यंदा पुलापलीकडून. आणि एकदा तिकडे गेलो की परत येणं नाही.

"बाबांना सांगितलंस?"

"तू सांग ना, ताई."

"मी सांगितलं. मला हाकललं. आता तुझी पाळी."

तो नखं खात बसला. माझ्यापेक्षा उंच आहे, खांदे हे एवढे. काय उपयोग!

मला काय हवंय ते लिहून ठेवते, म्हणजे मलाच फिरवता यायचं नाही. भट्टी बंद पडायला नकोय मला. मला तिथे परत जायचंय. पण मान खाली घालून नाही. बाबांनी म्हणायला हवं, जळलं होतं.

२० मार्च

भावजयीने दूध गॅसवर ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेली. बाबा तिथेच दाराशी पाटावर बसलेले. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं पडलं, धूर झाला, मी रस्त्यावरून धावत आले! आणि हे तिकडे पाठ करून बसलेत, शांत.

भावजय रडायला आली. "बाबा, हाक तरी मारायची!"

"माझं काम आहे का ते?"

हट्ट बघा. घर जाळतील पण बायकांच्या कामात बोलणार नाहीत.

२३ मार्च, सोमवार

मला वासाच्या खोलीत बसवलं आज. तिथे शहाणीसुरती माणसं लागत नाहीत, कोणीही चालतं, म्हणूनच मी. लहान लहान कप्पे, मध्ये फळ्या, शेजारचा दिसत नाही. समोर कागदाच्या पट्ट्या, टोक बुडवलेलं, वर नुसता आकडा. हुंगायचं, लिहायचं, पुढची. शेवटपर्यंत कोणी बोलायचं नाही. मॅडमने तर नाहीच, कारण तिने आधी तोंड उघडलं तर बाकीच्यांना तेच येतं.

मी मोठ्या तोऱ्यात बसले. अत्तरवाल्याची लेक! तिसऱ्या पट्टीवर लिहिलं, हलका गुलाब, पहाटेचा.

ती साधं पाणी होती!

दर वेळी एक पट्टी पाण्याची ठेवतातच, कोण मनाचं लिहितो ते कळावं म्हणून. टाकीवाला दिवसभर मला "पहाटेचा" म्हणून हाक मारत होता. मॅडम म्हणाली, मनाला लावून घेऊ नका, बहुतेकांचं होतं पहिल्यांदा. शेजारी वास असला की नाक पाण्यातही शोधतं.

घरी येताना पुलावर थांबले. नाक हवं ते शोधतं. आणि आधी कोणी बोललं तर तेच सापडतं. मग आमच्या घरी काय चाललंय? बाबा चांगला म्हणतात. त्यानंतर कोणी वास घेतलाच नाही! एवढी वर्षं बाटली हातोहात फिरते आणि आम्ही बाबांचं तोंड हुंगतो.

२४ मार्च

आज मॅडमने विचारलं, "तुमच्या वडिलांकडचं थोडं तेल मिळेल का? आमच्यात अगदी थेंबभर फुलाचं घातलं तर वास भरदार होतो. दर हंगामात घेऊ."

साबणवाला गेला तरी भट्टी तगली असती त्यावर. मला एवढंच करायचं होतं, हो म्हणायचं.

"घेऊ नका. जळकं आहे," मी म्हटलं.

घरी भावजयीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "वन्सं, तुमच्या जिभेला हाड नाही! बापाची भट्टी स्वतःच्या तोंडाने बुडवलीत!"

"जळकं विकून वाचणार होती का?"

"वर्षभर तरी वाचली असती."

मी मोठ्याने बोलले. मग तीही मोठ्याने. शेवटी दोघींनी मिळून ते काळं पातेलं घासलं. नाही निघालं.

२७ मार्च, शुक्रवार

फुलं कमी यायला लागली. धाकटा म्हणतो आठवडाभर फार तर. रोज हंडा उतरतो, रोज बाबा चांगला म्हणतात. मी परसातून बघते. अंगणात उभं राहिलं तरी करपल्याचा वास येतो.

मॅडमकडे कोऱ्या पट्ट्या मागितल्या. "कशाला?" म्हणाली. म्हटलं, घरच्या जंतूंची परीक्षा घ्यायचीय. मूठभर दिल्या. कारखान्याच्या तेलाची बोटभर बाटलीही दिली.

२९ मार्च, रविवार

केली परीक्षा.

सकाळी चहा झाल्यावर पट्ट्या मांडल्या स्वयंपाकघरात. तीन. म्हटलं, एकेकाने आत यायचं, दार लावायचं, वास घ्यायचा, मला सांगायचं. बाहेर जाऊन गप्प बसायचं. पहिला वास कोणाचाच नाही.

बाबा म्हणाले, "असले पोरखेळ माझ्या घरात नाहीत."

"घाबरता?"

"कोणाला? तुझ्या कागदाच्या कपट्यांना?"

"मग या की. सर्वांत शेवटी या. तुमची पट्टी कुठली एवढंच ओळखा. ओळखलीत तर पुलापलीकडचं काम सोडते, हंडे घासते आणि जन्मात भट्टीबद्दल तोंड उघडत नाही."

भावजयीने तोंडावर पदर धरला. जन्मात! मी! बाबांनासुद्धा मोह पडला असणार.

आधी भावजय आली. एक नंबर हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई, हे आपलं! करपलेलं." दाराकडे बघून, "मला कधीपासून वाटतंय वन्सं, पण मला कोण विचारतंय."

मग धाकटा. एक नंबर नाकाला लावला, खाली ठेवला, परत उचलला. "जळलंय ताई." आणि डोळे भरले त्याचे, एवढ्या मोठ्या माणसाचे. "गेल्या हंगामापासून वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस, दगडा?"

"बाबा चांगला म्हणाले होते ना. मला वाटलं माझंच नाक गेलं."

मग बाबा. दार मी लावून घेतलं. ते पाटावर बसले, ताठ, भट्टीसमोर बसतात तसे. डोळे मिटले. एकेक पट्टी उचलली. पुष्कळ वेळ घेतला. मग बोलले.

दार उघडलं तर ते दोघे चौकटीला चिकटून उभे. धाकटा म्हणाला, "काय झालं?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी बाबांकडे बघत होते. मान अगदी बारीक झालीय त्यांची, कॉलरमध्ये हलते. कधी झाली?

मी म्हटलं, "बरोबर. बरोबर ओळखली बाबांनी."

पुढचं लिहवत नाही आज.

३० मार्च, सोमवार

एक नंबर आमचा जळका होता. तो हुंगून बाबा म्हणाले, "ही कोरी. मला फसवायला ठेवलीस." तीन नंबर कारखान्याचा, भपकारा मारणारा. तो नुसता खाली ठेवला. दोन नंबर साधं पाणी. तो नाकाखाली धरला, हसले, म्हणाले, "हा माझा. बापाच्या वेळेपासूनचा."

पहाटे फुलं आली तेव्हा बाबा माझ्या दाराशी. हातात माझ्या भट्टीत घालायच्या जुन्या चपला.

"आजवर तू मला कधी बरोबर म्हणाली आहेस का?"

मी मान हलवली, नाही.

"काल म्हणालीस. तेव्हाच समजलो, तुला कळलंय." चपला या हातातून त्या हातात घेतल्या. "गेल्या हंगामाआधीचा तो ताप. तेव्हा नाक गेलं. परत येईल म्हणून वाट बघत होतो."

चपला माझ्या पायाशी ठेवल्या. वाकून. म्हणाले, "हंड्यापाशी बस. धाकटा असणार समोर, तोंडाने काही बोलू नकोस. वास फिरला की नुसती खोक."

बसले. ऊन आलं, नळीतून थेंब सुरू झाले. गुलाब, गुलाब, गुलाब, आणि मग त्याच्या तळाशी, अगदी बारीक, फडकं.

खोकले.

बाबांनी लाकूड मागे ओढलं.